पेठेतून पाणी खेळवायचं तर

जुन्या पेठेचा कायापालट करायचा, मधोमध तळं करायचं, गल्लीतून कालवा न्यायचा, काठावर फरसबंदी आणि झाडं. खान्देशातल्या कुठल्याही गावात ही कल्पना निघाली की चर्चा दोन वाक्यांवर येऊन थांबते. एक बाजू म्हणते, "बाजारपेठेला पुन्हा बरकत येईल." दुसरी म्हणते, "चार-आठ दिवसांनी नळ येतो, आणि तुम्ही तळी कसली भरता?" दोन्ही बाजू मनापासून बोलतात. आकडे मात्र कुणाजवळच नसतात. म्हणून हा लेख आकड्यांचा आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हे काम आपल्याकडे होण्यासारखं आहे, पण संगणकावरच्या चित्रात दाखवतात तसं नाही. रुंद, संथ, निळंशार पाणी आपल्या उन्हाला आणि आपल्या नळाला परवडत नाही. अरुंद, वाहता, आणि दुष्काळात बिनधास्त कोरडा ठेवता येईल असा पाट परवडतो. तो कसा सांभाळायचा याचा दाखला बाहेर शोधायला नको. पांझरा, कान, मोसम, आरम या नद्यांवरच्या फड बागायतीत (नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि त्यावर भिजणारे शेतजमिनीचे गट म्हणजे फड) तो तीनशे-चारशे वर्षं उभा आहे.

बैठकीत दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या चॉन्गेचॉन ओढ्याचा फोटो हमखास दाखवला जातो. शहराच्या मध्यातला उड्डाणपूल पाडून २००५ साली जवळपास ५.८ किलोमीटरचा ओढा पुन्हा उघडा केला, हे खरंच आहे. पण त्यातलं बहुतेक पाणी आपोआप येत नाही. हान नदीतून आणि भूमिगत रेल्वेच्या स्थानकांत झिरपणाऱ्या पाण्यातून रोज सुमारे १ लाख २० हजार टन पाणी पंपानं चढवून सोडलं जातं. अहमदाबादच्या साबरमतीचा काठ सगळ्यांनी पाहिला आहे. तिथलं भरलेलं पात्र हे नर्मदा कालव्यातून सोडलेलं आणि खाली वासणा बंधाऱ्यानं अडवलेलं पाणी आहे. म्हणजे फोटो पाहताना विचारायचा प्रश्न एकच: हे पाणी कुणाच्या वाट्याचं, आणि ते वर कोण चढवतं?

आता आपल्या पेठेचा हिशोब. नेहमीचा आराखडा धरू: ६०० मीटर लांब, ४ मीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल कालवा, आणि टोकाला एक एकराच्या आसपास, म्हणजे ४,००० चौरस मीटरचं, सरासरी दीड मीटर खोलीचं तळं. दोन्ही मिळून उघडं पाणी ६,४०० चौरस मीटर. पाऊस थांबल्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आपल्याकडे उघड्या पाण्यावरून साधारण सव्वा मीटरचा थर उडून जातो, असं धरायला हरकत नाही. डिसेंबर-जानेवारीत हा वेग दिवसाला ३ मिलिमीटरच्या आसपास असतो, मे महिन्यात तापलेल्या वाऱ्यात ८ वर जातो. ६,४०० गुणिले सव्वा, म्हणजे ८,००० घनमीटर, म्हणजे ८० लाख लिटर. दहा हजार लिटरचे ८०० टँकर.

ऐकायला हा आकडा प्रचंड वाटतो. पण माणशी १३५ लिटरच्या हिशोबानं हे तेवढ्याच दिवसांचं सुमारे २३० माणसांचं पाणी झालं. लाखभर वस्तीच्या शहराला यानं तहान लागणार नाही. विरोध करणाऱ्यांनी हेही प्रामाणिकपणे मानायला हवं.

खरा चोर वेगळा आहे: पाझर. अस्तर नसलेल्या मुरमाड जमिनीत तळं दिवसाला २५ मिलिमीटर पाणी सहज पिऊन टाकतं. ६,४०० चौरस मीटरवर हे रोजचे १ लाख ६० हजार लिटर होतात, आणि त्याच साडेआठ महिन्यांत ४ कोटींच्या वर. बाष्पीभवनाच्या पाचपट. चांगलं चिकणमातीचं किंवा काँक्रीटचं अस्तर केलं तर हाच पाझर ३ मिलिमीटरवर येतो.

इथे कुणीतरी म्हणतं, "पाझरलं तर पाझरू द्या, विहिरींना पाणी वाढेल." बरोबर आहे. मग ते पाझर तलाव झालं, आणि पाझर तलाव उन्हाळ्याच्या आधी आटलाच पाहिजे, तोच त्याचा धर्म. दिसायचं तळं आणि जिरवायचं तळं एकाच खड्ड्यात होत नाही. आराखड्यात "सुशोभीकरण व जलपुनर्भरण" असे दोन्ही शब्द एकाच तळ्यापुढे लिहिलेले दिसले, तर त्या आराखड्याचा पाया कच्चा आहे हे खुशाल समजावं. पुनर्भरण हवंच असेल, आणि ते हवंच, तर छतांचं पाणी वेगळ्या नळानं, वाळू-खडीच्या गाळणीतून, वाड्यांमधल्या जुन्या आडांत सोडा. रस्त्यावरचं पाणी आडात कधीच नको. त्यात तेल, शेण आणि गटारीचा वाटा असतो.

जमीन कुठली, यावर बरंच ठरतं. धुळे-साक्रीकडे थोड्या मातीखाली काळा पाषाण लागतो. तिथे पाझर कमी, पण खोदाई अवघड, आणि जुन्या घरांच्या मध्ये सुरुंग लावता येत नाही. ब्रेकरनं फोडावं लागतं, ते वेळखाऊ असतं. यावल-रावेर-चोपड्याकडे तापीचा खोल गाळ आहे, आणि सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा पट्टा तर दगडगोट्यांचा, पाणी ओतलं की गडप. तिथे अस्तराशिवाय तळ्याचा विचारही करू नये. जागेवरची चाचणी कुणालाही करता येते. तळ्याच्या तळाच्या पातळीला एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, काठोकाठ भरा, एक दिवस जमीन पिऊ द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि चोवीस तासांत किती सेंटिमीटर उतरलं ते पट्टीनं मोजा. शेजारी पत्र्याचं भांडं भरून ठेवा. त्यातून जेवढं उडालं तेवढं वजा करा. अशा तीन ठिकाणच्या नोंदी निविदेच्या आधी लोकांसमोर आल्या पाहिजेत. खड्ड्याच्या भिंतींतूनही पाणी जातं, त्यामुळे हा आकडा तळ्याच्या खऱ्या पाझरापेक्षा जास्त येतो. पण कुठली जागा किती तहानलेली, हे त्यातून उघड होतं.

काळ्या मातीची गोष्ट सगळ्यात गंभीर. ती ओली झाली की फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं तर पहिल्याच उन्हाळ्यात अस्तर तडकतं, आणि एकदा पाणी खाली शिरलं की फुगून पाटच्या पाट उचलला जातो. म्हणून पाटाखालची काळी माती किमान ६० सेंटिमीटर काढून तिथे न फुगणारा मुरूम पाणी मारत, १५-१५ सेंटिमीटरच्या थरांनी दाबायचा, मग काँक्रीट, आणि दर तीन मीटरवर सांधा, सांध्यात रबरी किंवा पीव्हीसी पट्टी. सांधे वाचवणारा ठेकेदार काम स्वस्त करून देतो आणि भेगा कुठे पडाव्यात हे मातीवर सोडतो.

याहून मोठी काळजी शेजारच्या घरांची. जुन्या पेठेतली धाब्याची घरं, मातीच्या गाऱ्यातल्या दगडी भिंती, सागाचे खांब. पाया काळ्या मातीत असेल तर गळक्या तळ्याची ओल पायाखाली एका बाजूनं पोचते, तेवढीच बाजू फुगते, आणि भिंत तिरकी फाटते. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून वर जाणारी तिरपी भेग दिसली तर ती हीच. जुन्या वाड्यात धान्याचं पेव असेल तर त्यात पाणी उतरतं. म्हणून काम सुरू करण्याआधी पाटाच्या दोन्ही बाजूंच्या प्रत्येक घराच्या भिंतींचे तारखेसह फोटो आणि भेगांवर चुन्याचे ठिपके, मालकाच्या सहीनं. हे केलं नाही तर पुढे भेग जुनी की नवी यावर वर्षानुवर्षं वाद चालतो, आणि घरमालक हरतो.

आता आराखडा बदलून बघू. तळं ४,००० ऐवजी २,००० चौरस मीटरचं करा, पण ३ मीटर खोल. पाणी तेवढंच, ६,००० घनमीटर, पण उघडा पृष्ठभाग निम्मा, म्हणून उन्हाचा घास निम्मा. आपल्या पूर्वजांनी बारवा खोल आणि पायऱ्यांच्या बांधल्या त्यामागे हेच शहाणपण आहे. पायरी १५ सेंटिमीटर उंच, ४५ रुंद, दर दहा पायऱ्यांनंतर दीड मीटरचा टप्पा. पाणी खाली गेलं तरी उघड्या पायऱ्या वाईट दिसत नाहीत. चार बाजूंनी उतरत्या मातीचं उथळ तळं मात्र अर्धं रिकामं झालं की चिखलाचं रिंगण होतं, आणि लोक तिथे कचरा टाकायला लागतात.

पाट ४ मीटरऐवजी १.२ मीटर रुंद आणि पाणी फक्त ३० सेंटिमीटर. यात लेकरू पडलं तरी बुडत नाही, आणि ९ मीटरच्या गल्लीत हे बसतं: भिंतींसकट पाट १.८ मीटर, अग्निशमनाची गाडी जाईल असा ४ मीटरचा मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर पायवाट. बेरीज ८.८. चार मीटरचा कालवा अशा गल्लीत घातला तर आगीच्या वेळी बंब आत येणार नाही, आणि कापड-कापसाच्या बाजारात हा विचार पहिला हवा.

बदललेल्या आराखड्यात एकूण उघडं पाणी २,७२० चौरस मीटर. मे महिन्यातली रोजची तूट, ८ मिलिमीटर वाफ आणि ३ पाझर धरून, ३० हजार लिटर. आधीच्या आराखड्यात ती अस्तर करूनसुद्धा ७० हजार होती.

हे ३० हजार लिटर आणायचे कुठून? पिण्याच्या पाण्यातून एक थेंबही नाही, हे ठरावात लिहून घ्यावं. पावसाचं पाणी भरपूर वाटतं. २५ हेक्टरच्या पेठेवर ६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ७० टक्के वाहिला तर साडेदहा कोटी लिटर होतात. पण ते चार महिन्यांत, त्यातही मोजक्या मुसळधार सरींत येतं, आणि आपल्या तळ्याची कूस ६० लाखांची. पावसानं तळं एकदा भरतं, उन्हाळा काढत नाही. उन्हाळा काढायचा तर शुद्ध केलेलं सांडपाणी हाच मार्ग. वीस हजार वस्तीच्या पेठेतून, नळ तुटपुंजा धरून माणशी ७० लिटर वापर आणि त्यातलं ८० टक्के गटारीत, असा हिशोब केला तरी रोज ११ लाख लिटर सांडपाणी निघतं. त्यातलं फक्त १ लाख लिटर उचलून शुद्ध करणारं छोटं केंद्र पुरतं. उरलेले ७० हजार लिटर बागांना आणि बांधकामांना, म्हणजे तेवढे बोअर कमी चालतील.

पण आधी गटारी. व्यापारी जेव्हा म्हणतात "अगोदर गटार करा, मग तळ्याचं बोला", तेव्हा ते विकासाला आडवे येत नसतात, ते कामाचा क्रम बरोबर सांगत असतात. प्रत्येक घराची मोरी आणि शौचालय बंद नळात जोडलेलं नसेल तर पाट सहा महिन्यांत नाला होतो. क्रम असा: आधी भूमिगत मलवाहिनी पाटाच्या तळापेक्षा खालच्या पातळीला, म्हणजे ती तुंबली तरी पाटात उलटी येणार नाही. मग पावसाच्या पाण्याची वेगळी बंद चारी. मग एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यायचा. त्या पावसाळ्यात कोरड्या दिवशीही पावसाच्या चारीत पाणी दिसलं, तर कुठलं तरी घर चुकीच्या नळाला जोडलंय. ते शोधायचा सोपा उपाय म्हणजे संशयित घराच्या मोरीत रंगीत पाणी ओतून चारीच्या तोंडाशी थांबणं. हे झाल्यावरच पाटाचं खोदकाम.

पावसाची चारी वेगळी का, हेही आकड्यात बघा. तासाला ६० मिलिमीटरची सर आली तर २५ हेक्टरवरून सेकंदाला सुमारे २,९०० लिटर पाणी धावतं. आपला पाट वाहतो ७०-७५ लिटर. "कालवा झाला की पेठ तुंबायची थांबेल" असं जो सांगतो त्याला हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवा. पाटाला दर शंभर मीटरवर सांडवा ठेवायचा, जादा पाणी चारीत पडेल असा. आणि चारीचं तोंड नदीच्या पूररेषेच्या वर हवं, नाहीतर झडप हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेला पूर आला तेव्हा धुळ्यात काठच्या भागानं जे पाहिलं, ते विसरून नदीला मिळणारी कुठलीही चारी आखू नये. नदी चढली की पाणी चारीतून उलटं पेठेत येतं.

आता पाट वाहता कसा ठेवायचा. १.२ मीटर रुंदी, ३० सेंटिमीटर पाणी, सेकंदाला २० सेंटिमीटर वेग, म्हणजे ७२ लिटर. दगडी पाटात एवढ्या वेगाला ६०० मीटरमध्ये फक्त ८ सेंटिमीटर उतार लागतो. आठ सेंटिमीटर! तळ डोळ्याच्या अंदाजानं ओतला आणि मध्ये कुठे ५ सेंटिमीटरचा खळगा राहिला, तर पंप बंद झाल्यावर तिथे डबकं साचतं. गाळ तिथेच बसतो, डासही तिथेच. दर पाच मीटरवर लेव्हल घेऊन खुंट्या मारायच्या, ओतल्यानंतर पुन्हा लेव्हल घ्यायची, आणि बिल त्या दुसऱ्या नोंदीवर काढायचं. पेठेचा खरा उतार बहुधा याहून जास्त असतो. तो पाटात तिरका वाटून टाकायचा नाही. पाट जवळजवळ सपाट ठेवून मध्ये ३०-४० सेंटिमीटरच्या दगडी पायऱ्यांवरून पाणी पाडायचं. त्या पडण्यात हवा मिसळते. पाण्याचा आवाजही तिथेच येतो, आणि पेठेतल्या माणसाला थांबायला लावतो तो आवाज.

खालचं पाणी परत वर न्यायला पंप. इथे एक चूक जवळपास सगळीकडे होते. चढ २ मीटर म्हणून २ मीटरचाच पंप धरतात आणि परतीच्या नळातलं घर्षण विसरतात. ३०० मिलिमीटरच्या ६०० मीटर नळात ते २ मीटरच्या आसपास जातं, म्हणजे एकूण ४ मीटर, पंप सुमारे ५ किलोवॅटचा, सोळा तास चालवला तर रोज ८० युनिट. पैसे वाचवायला २५० चा नळ टाकला तर घर्षण सव्वापाच मीटरवर जातं आणि पंप जवळपास दुप्पट. नळात एकदाच वाचलेला पैसा विजेच्या बिलात दर महिन्याला जातो. पंप दोन ठेवायचे, एक चालता, एक तयारीत. एकच ठेवला तर तो जळाल्यापासून दुरुस्त होऊन येईपर्यंत पाट मरतो.

शुद्ध केलेल्या सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद राहतंच, आणि आपल्या एप्रिलच्या उन्हात ते हिरवं शेवाळ धरतं. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तोच ओढतं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि सकाळी तरंगतात. म्हणून तळ्याच्या तीन बाजूंना ४ मीटर रुंदीचा खडीचा वाफा ठेवायचा. ५० बाय ४० मीटरच्या तळ्याला तो सुमारे ५५० चौरस मीटर भरतो. साठ सेंटिमीटर खोल, १० ते २० मिलिमीटरची धुतलेली खडी, पाणी शिरतं तिथे मोठा दगड, वर कर्दळ, पाणकणीस, लव्हाळा. मुख्य प्रवाहातून सेकंदाला ५ लिटर पाणी यातून फिरवलं तर सोळा तासांत २८८ घनमीटर होतं, म्हणजे तळ्याएवढं पाणी तीन आठवड्यांत एकदा मुळांतून जातं. वर्षातून दोनदा वाफा कापायचा आणि कापलेलं बाहेर न्यायचं. तिथेच कुजू दिलं तर स्फुरद परत पाण्यात उतरतं. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मर्यादा बीओडी (पाण्यातली घाण कुजताना ओढून घेते तो प्राणवायू) लिटरला ३ मिलिग्रॅम आणि विष्ठाजन्य जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त २,५०० अशी आहे. तळं आंघोळीचं नसलं तरी पोरं त्यात उतरणारच, म्हणून हीच मर्यादा धरून दर महिन्याचा अहवाल काठावरच्या फलकावर लावावा.

डासांचं म्हणाल तर वाहत्या पाण्यात ते वाढत नाहीत. पंप बंद पडला आणि पाणी आठवडाभर उभं राहिलं की पिढी बाहेर पडते. म्हणून नियम: पाचव्या दिवशी पंप चालू नसेल तर पाट रिकामा करायचा, त्यासाठी तळाला झडप. तळ्यात गप्पी मासे. पण पेठेतला डेंग्यू आजही घराघरांतल्या ड्रममध्ये आणि रांजणांत वाढतो, कारण नळ रोज येत नाही. हा मुद्दा तळ्याच्या विरोधात वापरण्याआधी नळाबद्दल बोललं पाहिजे.

कचऱ्याचं दुखणं जाळीनं सुटत नाही, जाळी रोज साफ करणाऱ्या हातानं सुटतं. पाट रस्त्याखालून सायफननं, म्हणजे खाली उतरून पलीकडे वर येणाऱ्या बंद नळानं, नेला तर तोंडाशी २५ मिलिमीटर फटींची तिरपी जाळी लागते, नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशव्या पोटात जाऊन बसतात आणि सायफन उघडायला रस्ता खोदावा लागतो. सायफन आपल्या मुलखाला नवा नाही. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि नोकरीच्या सुरुवातीलाच त्यांनी धुळे भागात दातर्ती इथे पांझरेच्या खोऱ्यात पाटाचा सायफन केला. शहरात मात्र जमेल तिथे सायफन टाळावा आणि रस्ता पाटावरून पुलानं न्यावा. दुकानापुढचे ढापे दीड मीटरपेक्षा लांब नकोत आणि प्रत्येक फरशी दोन माणसांना उचलता यावी. एकदा सिमेंटनं पक्का ढापा बसला की त्याखालचा पाट कायमचा गेला. काठावर भरीत-पुरी, शेवभाजीच्या गाड्या येणार आणि त्या याव्यात, त्यांच्यामुळेच संध्याकाळी पेठ जागी राहते. त्यांना भांडी धुवायला वेगळा ओटा आणि तेल अडवणारी टाकी द्या. तेलाचा पातळ तवंगही पाण्यात हवा मिसळू देत नाही. विसर्जनासाठी बाजूला वेगळं कुंड.

सावलीशिवाय हे सगळं मे महिन्यात निरुपयोगी आहे. पंचेचाळीस अंशांत नुसत्या पाण्याकाठी कुणी बसत नाही. कडुनिंब, करंज लावा, पण भिंतीपासून ३ मीटरवर. वड-पिंपळ अस्तर फोडतात, ते पाटाजवळ नकोत. निंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, तेव्हा जाळ्या दिवसातून दोनदा काढाव्या लागतात.

आणि आता माणूस. फडाच्या बंधाऱ्यावर पाटकरी असतो. पाणी सोडणं, फिरवणं त्याच्याकडे. बारेकरी शेतात पाणी भरतो, जागल्या राखण करतो, वर पंच. त्यांचा मोबदला पूर्वी बागायतदार धान्यात देत. पाणी कमी पडलं की यंदा कुठला फड भिजवायचा आणि कुठला पडीक ठेवायचा, हे पंच ठरवतात, आणि बहुतेकांची जमीन एकापेक्षा जास्त फडांत असल्यामुळे तो तोटा सगळ्यांत वाटला जातो. बंधारे दगडाचे होते म्हणून फड टिकला असं नाही. पाणी कमी पडलं तर काय करायचं, हे आधी ठरलेलं होतं आणि ते करणारा माणूस नेमलेला होता. शहरी आराखड्यात बांधकामाचा खर्च रुपया-पैशापर्यंत असतो, आणि देखभालीपुढे "नगरपालिकेमार्फत" एवढाच शब्द. ६०० मीटर पाटाला आणि तळ्याला तीन पाळ्यांत मिळून किमान तीन पाटकरी आणि दोन सफाईची माणसं लागतात, कायमची. त्यांचा पगार, वीज, वर्षाला एकदा मे महिन्यात गाळ काढणं आणि पंपाची दुरुस्ती यांचा दहा वर्षांचा तक्ता बांधकामाच्या अंदाजपत्रकाला जोडलेला नसेल तर मी त्या कामाच्या बाजूनं हात वर करणार नाही.

दुष्काळाचा नियमही तसाच आधी लिहायचा. धरणातला साठा ठरलेल्या पातळीखाली गेला की पाट बंद, शुद्ध पाणी फक्त झाडांना, तळं उतरू द्यायचं. यासाठी पाटाचा तळ कोरडाही नीट दिसेल असा घडीव दगडाचा करावा. निळा रंग दिलेलं काँक्रीट कोरडं पडलं की ओसाड दिसतं आणि लोक "बंद पडलं" म्हणतात. दगडी पाट कोरडा असला की पोरं त्यात खेळतात.

राहिला खोदकामाचा काळ. दिवाळी आणि एप्रिल-मेची लगीनसराई हा पेठेचा वर्षाचा गल्ला. त्यात खड्डा घातला तर दुकानदार कायमचे विरोधात जातात. डिसेंबर ते मार्च एवढीच खिडकी आहे. एका वेळी ६० मीटर, जास्तीत जास्त दोन तुकड्या, आणि पुढचा तुकडा उघडण्याआधी मागच्यावर पायवाट तयार. त्याआधी दर ३० मीटरवर एक चाचणी खड्डा घेऊन जुने नळ आणि केबल कुठे आहेत ते बघायचं. जुन्या पेठेत नकाशावरचा नळ आणि जमिनीतला नळ क्वचितच एका जागी असतात.

विकास आराखड्यातल्या आरक्षणात बदल करावा लागत असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि त्यासाठी महिनाभर मिळतो. त्या महिन्यात लेखी मागायच्या गोष्टी म्हणजे पाझर चाचणीच्या तीन नोंदी, मे महिन्यातली रोजची तूट आणि ती भागवणारा स्रोत, पूररेषेसकट पाटाचा उभा छेद, भिंतींच्या नोंदीची पद्धत, पाटकऱ्यांच्या जागांचा ठराव आणि दुष्काळात पाट कोण बंद करणार त्या अधिकाऱ्याचं पद. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर आवक क्रमांक घ्या, आणि सुनावणीला ती प्रत सोबत न्या.